शुभमंगल साव...

भाचीचं लग्न नाशिकला झालं आणि दीड दिवसात उरकलं. आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये मात्र ते पुढे दोन महिने लागत होतं.

झालं असं, की लग्नाच्या तीन आठवडे आधी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि सख्ख्या नातीच्या लग्नाला तिला जाता आलं नाही. ‘आजी, काळजी नको, मी सगळं शूट करतो,’ असं वचन भाच्यानं दिलं आणि दुर्दैवानं ते पाळलं. हळदीपासून पाठवणीपर्यंत अडीच तास, आपल्या आयफोनवर, फोरकेमध्ये, सेकंदाला ६० फ्रेम. या थाटात एका मिनिटाला साधारण ४०० एमबी जागा लागते. म्हणजे अडीच तासांचे झाले ६० जीबी. आमचं अख्खं लग्न एका व्हीएचएस कॅसेटमध्ये मावलं होतं. शेवटी वीस मिनिटं रिकामीही राहिली होती, त्यात मेव्हण्यानं पुढे क्रिकेटची मॅच भरली.

नाशिकहून पेनड्राइव्ह आला. मी तो थेट टीव्हीच्या पाठीत खुपसला. टीव्ही २०१४ चा, फुल एचडी, अजून ठणठणीत. त्यानं एका ओळीत सांगून टाकलं, की ही फाइल चालणार नाही. या सगळ्या प्रकरणात खरं बोलणारा तो पहिला आणि बराच काळ एकटाच. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण माझ्याकडे डबा होता.

डबा म्हणजे ऑफिसनं भंगारात काढलेला चपटा डेस्कटॉप. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि चार जीबी रॅम. मी त्यावर लिनक्स चढवलं आणि जेलीफिन नावाचा फुकटातला मीडिया सर्व्हर टाकला, म्हणजे साठवलेले व्हिडिओ घरातल्या टीव्हीला, मोबाइलला पुरवणारा प्रोग्राम. हे जेलीफिन २०१८ च्या डिसेंबरात एम्बी नावाच्या प्रकल्पातून फुटून निघालं. फूट पडून जन्माला आलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल मराठी माणसाला आपुलकी वाटतेच. मुंज, बारसं, शाळेची गॅदरिंग, सगळं त्यात भरून ठेवलं. घरच्यांनी त्याला ‘सर्व्हर’ म्हणावं अशी माझी इच्छा होती. बायको ‘तुमचा डबा’ म्हणते. शिवणयंत्राच्या टेबलावर तो चोवीस तास चालू असतो आणि ४० वॅट खातो, म्हणजे महिन्याला २९ युनिट. हा आकडा मला तिच्याकडूनच कळला.

रविवारी संध्याकाळी सगळे बसले. आईला खुर्चीत पाठीमागे उशी लावून दिली. तिनं नातीच्या लग्नाला नेसायचं म्हणून काढून ठेवलेली साडी नेसली होती. हळद जरा अडखळत का होईना, पार पडली. मग अंतरपाट धरला गेला, भटजींनी सूर लावला, ‘कुर्यात् सदा मंगलम्, शुभमंगल साव’ आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. शिवणयंत्राच्या बाजूनं मिक्सरमध्ये सुकं खोबरं वाटल्यासारखा आवाज यायला लागला. पाऊण मिनिटानं ‘धान’ आलं, त्याच्यामागून पुढच्या अष्टकाची दीड ओळ आली आणि पुन्हा चक्र. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन अंगांना हार घेऊन ताटकळत उभे.

आई म्हणाली, ‘मुहूर्त टळणार रे यांचा.’

कॉम्प्युटरला काहीही झालं तरी ‘रॅम वाढवा’ म्हणणारा माणूस प्रत्येक सोसायटीत असतो, पोटात दुखलं की ‘ओवा खा’ म्हणणारा असतो तसा. आमच्याकडे हे दोन्ही एकच गृहस्थ आहेत. ६०० रुपयांची जुनी रॅम आणली, फरक शून्य. मग १,६०० रुपयांची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली. तिच्यामुळे डबा अठरा सेकंदांत सुरू व्हायला लागला. जो डबा कधी बंदच होत नाही त्यानं अठरा सेकंदांत सुरू होऊन कोणाचं भलं होणार, हा प्रश्न मला पैसे दिल्यावर पडला. त्यानंतर मी इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा २०० करून घेतला. व्हिडिओ शिवणयंत्रावरून टीव्हीपर्यंत जायचा होता, तोही घरातल्या घरात. स्वयंपाकघरातला चहा हॉलमध्ये लवकर यावा म्हणून मी मुंबई-गोवा महामार्ग रुंद करायला घेतला होता.

पुढच्या शनिवारी डबा उघडला. आतली धूळ नुसती साचलेली नव्हती, तिची चांगली गोधडी झाली होती. त्या गोधडीत एक मरून टिकली सापडली. ती कोणाची यावर घरात थोडा वेळ चर्चा झाली, पण डबा मूळचा ऑफिसचा असल्यामुळे मी ती आवरती घेतली. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर काढून देणारा लेप, पानाच्या डब्यातल्या वाळक्या चुन्यासारखी तडकली होती. नवी पेस्ट वाटाण्याएवढी लावायची असते. मी थालीपीठावर लोणी ठेवतो त्या हातानं लावली आणि वर पंखा दाबल्यावर ती चारी बाजूंनी बाहेर आली. कानात घालायच्या कापसाच्या काड्यांनी पाऊण तास पुसत बसलो. पण गुण आला. ९२ अंशांवरचं तापमान ७१ वर उतरलं. व्हिडिओ अडकायचा तिथंच अडकत होता, फक्त आता डबा थंड डोक्यानं अडकत होता.

मग मी, जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर बारीक अक्षरात काय लिहून येतं ते वाचलं. टीव्हीला हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ बांधायची ही पद्धत, झेपत नाही, सबब ट्रान्सकोडिंग चालू आहे, असं ते म्हणत होतं. म्हणजे फोननं लग्न चित्रित केलं एचईव्हीसी या भाषेत, आमच्या टीव्हीला कळते फक्त जुनी एच.२६४, आणि मधल्या मध्ये डबा दुभाष्या बनून प्रत्येक फ्रेम सोडवतोय, पुन्हा बांधतोय आणि पुढे ढकलतोय. गंमत म्हणजे एचईव्हीसीचं मानक २०१३ चं आणि माझा प्रोसेसरही २०१३ चा. जन्मवर्ष एक, पण दोघांची ओळख नाही. ही भाषा थेट समजणारी जोडणी इंटेलनं प्रोसेसरमध्ये घातली ती सहाव्या पिढीपासून, २०१५ साली. तोवर सगळं अंगमेहनतीनं. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात आणि डबा घाम गाळून १९-२० काढतोय. उरलेल्या चाळीस फ्रेमच्या जागी ते चक्र.

आठव्या पिढीचा जुना मिनी पीसी अकरा हजारांना मिळत होता. पण ‘स्वस्तात काम करतो’ असं मी घरात जाहीर केलेलं. म्हणून ठरवलं, की दुभाष्याच्या मदतीला ग्राफिक्स कार्ड आणायचं.

डोंबिवलीहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी त्या नावानं पत्ता विचारलात तर लोक तुम्हाला बाहेरगावचे समजतात. एका हातभर रुंदीच्या गाळ्यात जीटी १०३० हे जुनं कार्ड ३,२०० ला मिळालं. ‘फोरके चलेगा ना?’ मी विचारलं. ‘मक्खन,’ तो म्हणाला. बाहेर येऊन मी वडापाव खाल्ला आणि तो हिशेबात धरला नाही.

घरी आल्यावर कळलं, की कार्डाची पट्टी उंच आहे आणि डबा बुटका. पट्टी काढली, कार्ड नुसतंच खाचेत बसवलं आणि हलू नये म्हणून दसऱ्याच्या तोरणाच्या दोऱ्यानं बांधलं. दिसायला ते एकदम शुभ दिसत होतं. व्हिडिओ लावला. ‘शुभमंगल साव.’

रात्री दीड वाजता उलगडा झाला. जीटी १०३० ला एचईव्हीसी उलगडता येतं, पण व्हिडिओ परत बांधून काढणारी एन्कोडरची जोडणी त्या कार्डात दिलेलीच नाही. त्याला वाचता येतं, लिहिता येत नाही. दुभाष्या म्हणून मी असा माणूस आणला होता, जो समोरच्याचं सगळं ऐकून समंजसपणे मान डोलावतो आणि गप्प बसतो. कंपनीच्या तक्त्यात हे स्वच्छ दिलेलं आहे. घेण्याआधी बघायला हवं होतं. वाचता मलाही येतं.

दोन दिवस डब्याकडे बघायची इच्छा नव्हती. मंगळवारी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या, सहज, मोबाइलवर तोच व्हिडिओ लावला. शुभमंगल सावधान. अक्षता पडल्या, हार घातले गेले, सनई सुरू झाली. कुठेही चक्र नाही. मला वाटलं, डबा बंद पडला आणि हे दुसरंच काहीतरी चालू आहे. उठून हॉलमध्ये गेलो तर डबा शांत. कान लावावा लागला इतका शांत. प्रोसेसर तीन टक्क्यांवर. मोबाइलला एचईव्हीसी येतं, त्यामुळे दुभाष्याची गरजच नव्हती. डबा फक्त फाइल उचलून देत होता, आणि ते काम त्याला रॅम, एसएसडी, पेस्ट आणि तोरणाच्या दोऱ्याशिवायही जमलं असतं. टीव्ही पहिल्याच दिवशी हे सांगत होता.

४,००० रुपयांची, टीव्हीत खोचून व्हिडिओ चालवणारी स्टिक आणली, फोरके आणि एचईव्हीसी जाणणारी. ती खोचायला टीव्ही भिंतीवरून उतरवावा लागला. मागे पालीची दोन अंडी निघाली, त्याचं श्रेयही मलाच मिळालं. एवढं करून व्हिडिओ पुन्हा अडकला, तेव्हा मात्र मी खुर्चीत बसून विचार केला. मिनिटाला ४०० एमबी म्हणजे सेकंदाला ५३ मेगाबिट. स्टिक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, जिथे आमच्या मजल्यावरून शेजाऱ्यांची सतरा नेटवर्कं दिसतात. त्या गर्दीतून काढून तिला ५ गिगाहर्ट्झवर ढकललं. खर्च काही नाही. माझ्या अख्ख्या मोहिमेतलं हेच एक स्वस्तातलं काम.

बायकोनं पाकिटातल्या पावत्या काढून बेरीज केली होती. साडेनऊ हजारांच्या वर. ‘अहो, यात तो अकरा हजारांचा...’ एवढं बोलून ती थांबली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की वाक्य पूर्ण करावं लागत नाही.

रविवारी पुन्हा सगळे बसले. आईनं पुन्हा तीच साडी नेसली. मंगलाष्टकं सलग झाली, ‘सावधान’ अखंड आलं, अंतरपाट सुर्रकन खाली गेला. मी टीव्हीकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होतो. चाळीस मिनिटांनी न राहवून विचारलं, ‘कसं वाटतंय?’

‘छान आहे रे. पण फार भराभर जातंय,’ ती म्हणाली. ‘आधी अडकायचं ना, तेव्हा एकेक माणूस नीट बघता यायचा. कोणी काय नेसलंय, कोण कोणाशेजारी बसलंय. पहिल्या दिवशी मागच्या रांगेत कुमुद दिसली होती मला, पैठणीत. आज मघापासून शोधतेय, कुठे गेली कोण जाणे.’

आता रोज संध्याकाळी मी आईच्या शेजारी रिमोट घेऊन बसतो. ती ‘थांब’ म्हणाली की थांबवायचं. परवा सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाशी सव्वीस मिनिटं थांबलो होतो. पाठवणी अजून बाकी आहे.