महागाईचं गणित राहून गेलं
निवृत्तीनंतर लोक काम करतात ते वेळ जात नाही म्हणून, असं निवृत्तीनंतरच्या कामावरच्या एका लेखात म्हटलंय. ते खरंच, पण महागाईचं गणित त्यात राहून गेलं. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे साठाव्या वर्षी पुरणारी ठरावीक रक्कम बहात्तराव्या वर्षी निम्म्याच गरजा भागवते. साठीनंतर तीन-चार वर्षं घरखर्चापुरती कमाई चालू राहिली, तर शिलकीला हात लागत नाही आणि त्यावर व्याज चढत राहतं. त्यासाठी जुना पगार मिळायलाच हवा असंही नाही. फसगत होते ती निवृत्तीनंतर ‘सल्लागार’ म्हणून काम घेताना सगळं तोंडी ठरवल्यावर. आठवड्याचे दिवस, तास, मोबदला, मुदत कागदावर घ्याच. नाहीतर अर्ध्या पैशात पूर्णवेळ राबवून घेतात.