व्हेनेझुएलाचं तेल: निर्बंधांच्या माथी काय मारता येतं आणि काय नाही

सध्या फिरत असलेला मजकूर थोडक्यात असा: ‘जगातला सर्वांत मोठा, ३०३ अब्ज पिंपांचा तेलसाठा असलेल्या व्हेनेझुएलाला अमेरिकेच्या निर्बंधांनी भिकेला लावलं. त्यामुळे जगभर तेल भडकलं. निर्बंध उठवले की दोन महिन्यांत सगळं पूर्ववत होईल.’

आधी साठ्याचं बघू. आकडा खरा आहे, पण त्यातलं बहुतेक तेल ओरिनोको पट्ट्यातलं, एपीआय ८ ते १० अंशांचं (एपीआय म्हणजे तेलाच्या हलकेपणाचं माप; अंश जितके कमी तितकं तेल जड). १० अंश म्हणजे पाण्याइतकी घनता. हे तेल काकवीसारखं घट्ट असतं. वर आणलं तरी पाइपातून पुढे सरकत नाही. त्यात नाफ्था (पेट्रोलसारखा पातळ तेलपदार्थ) किंवा हलकं तेल मिसळून ‘मेरे’ हे १६ अंशांचं मिश्रण करावं लागतं, नाहीतर होसे या ठिकाणच्या अपग्रेडरमध्ये, म्हणजे जड तेल हलकं करणाऱ्या कारखान्यात, त्यावर प्रक्रिया करावी लागते. म्हणजे तेल विकायचं तर आधी नाफ्था, वीज आणि सुटे भाग हाताशी हवेत. सौदीच्या साठ्याशी पिंपाला पिंप लावून तुलना करणं इथेच फसतं.

‘निर्बंधांनी भिकेला लावलं’ या दाव्याला तारखाच उत्तर देतात. १९९८च्या सुमारास उत्पादन रोज ३० लाख पिंपांच्या वर होतं. २००२-०३च्या संपानंतर पीडीव्हीएसए या सरकारी कंपनीतून सुमारे १८ हजार कर्मचारी काढले गेले, त्यात अनुभवी अभियंते मोठ्या संख्येने होते. २००७ मध्ये ओरिनोकोच्या प्रकल्पांत सरकारने बहुसंख्य हिस्सा घेतला. एक्सॉनमोबिल आणि कोनोकोफिलिप्स बाहेर पडल्या. चीनकडून घेतलेलं कर्ज तेलाने फेडायचं होतं, देशात पेट्रोल जवळपास फुकट होतं, त्यामुळे रोख पैसा देणारं तेल कमीच उरायचं. २०१४ नंतर भाव कोसळले तेव्हा ठेकेदारांची बिलं थकली. २०१६ मध्ये श्लम्बर्जर या तेलविहिरींची कामं करणाऱ्या कंपनीने थकबाकीमुळेच काम कमी करत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०१७ मध्ये पहिले मोठे आर्थिक निर्बंध आले तेव्हा उत्पादन १९ लाखांच्या आसपास घसरलेलं होतं. ही घसरण निर्बंधांच्या खात्यावर टाकता येत नाही.

पण म्हणून निर्बंध निरुपद्रवी होते, असं म्हणणारेही तितकेच चुकतात. २०१७च्या आदेशाने पीडीव्हीएसएला ९० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं नवं कर्ज देण्यावर बंदी आली. आधीच बुडत्या कंपनीची उधारी बंद झाली आणि घसरणीला वेग आला. जानेवारी २०१९ मध्ये पीडीव्हीएसएवरच थेट निर्बंध आले. हा घाव त्याहून खोल होता, कारण तो थेट नाफ्थ्यावर बसला. अमेरिकेतून येणारा नाफ्था थांबला, रिलायन्सनेही मिश्रणासाठीचा पुरवठा थांबवला. मिसळायला काही नाही, तयार तेल ठेवायला टाक्या रिकाम्या नाहीत, म्हणून चालू विहिरी बंद कराव्या लागल्या. त्यातच मार्च २०१९ मध्ये देशभर वीज गेली. २०२०च्या मध्याला, कोविडचाही फटका बसल्यावर, उत्पादन ४ लाखांच्या खाली होतं. पुढे मिसळायला इराणचं कंडेन्सेट (अतिशय हलकं तेल) मिळू लागल्यावर ते थोडं सावरलं; नाफ्थ्याची अडचण किती मोठी होती ते यावरूनच कळतं.

निर्बंधांचा आणखी एक परिणाम मजकुरात नाहीच. उघड ग्राहक गेले आणि मधले दलाल आले. मलेशियाजवळच्या समुद्रात जहाज बदलून, नाव बदलून माल मोठ्या सवलतीच्या भावाने चीनला जाऊ लागला. २०२३ मध्ये २ हजार कोटी डॉलरहून जास्त येणी थकल्याचं बाहेर आलं आणि तेलमंत्री तारेक एल ऐसामी यांना राजीनामा द्यावा लागला. तेल गेलं, पैसे आलेच नाहीत.

‘जगभर तेल भडकलं’ हा दावा सर्वांत कच्चा. जगाची मागणी रोज १० कोटी पिंपांच्या घरात. २०१९ मध्ये त्यातून व्हेनेझुएलाचं जे तेल कमी झालं ते एक टक्क्याहूनही कमी. ब्रेंट, म्हणजे जागतिक भावासाठी प्रमाण मानलं जाणारं तेल, त्या जानेवारीत पिंपाला ६० डॉलरच्या आसपास होतं, वर्षअखेर ६६च्या. टंचाई झाली ती जड तेलाची. मेक्सिको आखाताकाठच्या अमेरिकी रिफायनऱ्यांचे कोकर (जड तेल फोडून हलकं करणारे विभाग) अशाच तेलासाठी बांधलेले. त्यांनी ती जागा काही प्रमाणात रशियाच्या फ्युएल ऑइलने भरली. एका देशावर निर्बंध लावून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याचा गल्ला भरायचा, हा प्रकार वॉशिंग्टनला २०२२ पर्यंत फारसा खटकला नाही.

राहिला दोन महिन्यांचा मुद्दा. याची चाचणी होऊन गेली आहे. ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४ या सहा महिन्यांत तेलावरचे निर्बंध बऱ्याच अंशी सैल होते. तरी रोजच्या उत्पादनातली वाढ लाख पिंपांच्या आतच राहिली. ओरिनोकोच्या विहिरींचं उत्पादन दरवर्षी झपाट्याने उतरतं, त्यामुळे आहे तेवढं टिकवायलाही सतत नव्या विहिरी खणाव्या लागतात, आणि २०२०च्या उत्तरार्धात देशात चालू रिग (विहिरी खणणारी यंत्रं) जवळपास उरल्याच नव्हत्या. रिग परत आणायला कंत्राट लागतं, कंत्राटाला बिल भरणारा ग्राहक, आणि पंपांना न जाणारी वीज. शेवटच्या दोन गोष्टी निर्बंध सैल करणाऱ्या कुठल्याही अमेरिकी परवान्यात लिहून मिळत नाहीत.