हार्टवाला मास्क आणि मावळातली गड्डी

व्हॅलेंटाईनच्या बाजाराला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. कोरोनामुळे दुकानदारांनी अख्खं वर्ष शटरकडे बघत काढलंय. १४ फेब्रुवारीला त्यांचे चार पैसे सुटले तर माझ्या पोटात कशाला दुखेल? पण यंदाच्या, २०२१ च्या व्हॅलेंटाईनला आठवडाभर मोबाईलवर जे काही आदळलं, त्याने माझं डोकं फिरलंय.

वानगीदाखल एक ‘लव्ह अँड सेफ्टी हॅम्पर’. हार्ट छापलेले दोन मास्क, लाल रिबीन बांधलेली सॅनिटायझरची चिमुकली बाटली, चार चॉकलेटं आणि मुठीएवढा टेडी. किंमत ९९९ रुपये. खाली ओळ : ‘तिची काळजी आहे ना? मग दाखवा!’ मैत्रिणीकडे आलेला तो मास्क हातात घेऊन बघितला. एकेरी सॅटिन. ट्यूबलाईटसमोर धरला तर आरपार ट्यूब स्वच्छ दिसते. काळजी म्हणे! आणि सॅनिटायझरचं तर काय सांगावं. गेल्या मार्चमध्ये लोक वाट्टेल त्या भावाने विकायला लागले, तेव्हा सरकारला २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपये कमाल किंमत ठरवून द्यावी लागली होती. आता रिबीन बांधली की भाव विचारायची कुणाची टाप नाही.

माझा राग किमतीवर कमी, त्या ओळीवर जास्त आहे. वर्षभर पगार कापून आलाय, कुणाची नोकरी गेलीय, कुणाच्या घरातलं माणूस गेलंय. अशा वेळी ‘प्रेम असेल तर दाखवा’ म्हणणं ही विक्री नाही, मानगुटीवर बसणं आहे. १२ तारखेच्या ‘हग डे’ला एका ॲपने ‘लांबूनच मिठी’ म्हणून डिस्काउंट कूपन पाठवलं. मिठीला कूपन! असो.

दुसरं पालुपद ‘कॉन्टॅक्टलेस’चं. तुम्हाला कुणाचा हात लागणार नाही, बुके दारात ठेवून जाऊ. म्हणजे सगळे हात त्या डिलिव्हरीच्या पोराला. आमच्या सोसायटीत त्याला लिफ्ट वापरायला बंदी आहे, हे त्या गुलाबी जाहिरातीत कुठे लिहिणार?

आणि या सगळ्या गदारोळात गुलाब कुठून येतो, हे एकाही जाहिरातीत नाही. पुण्यात राहून मला ते जास्तच खुपतं, कारण गुलाबाची पॉलिहाऊसं, म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदाखालची शेती, आहेत मावळात, तळेगाव-पवनानगरच्या बाजूला. माझ्या चुलतभावाचंही तिकडेच आहे. व्हॅलेंटाईनचं फूल धरायचं तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच छाटणी आणि बेंडिंग, म्हणजे फांद्या वाकवणं, करावं लागतं, म्हणजे जानेवारीच्या शेवटी कळ्या हाताशी येतात. एक्स्पोर्टचा माल साधारण २५ जानेवारीपासून निघतो. घट्ट कळी, लांब सरळ दांडा, २० फुलांची गड्डी, मग कोल्ड स्टोरेज, तिथून गाडीने थेट मुंबई विमानतळ. जरा उमललेलं फूल पुणे-मुंबईच्या बाजारात.

भावाच्या वर्षाचा हिशेब बघा. गेल्या वर्षी नेमका पाडव्याला, २५ मार्चला लॉकडाऊन लागला. बाजार बंद, लग्नं बंद, देवळं बंद. फूल मात्र रोज तोडावंच लागतं, नाहीतर झाडावरच उमलून झडतं आणि रोगराई वाढते. मजुरी द्यायची, तोडायचं आणि बांधावर ओतायचं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि पॉलिहाऊसचा कागद फाटून गेला. तो नवा घातला, कर्जाचा हप्ता तसाच. आता यंदा परदेशातून ऑर्डर आल्या, तर प्रवासी विमानं मोजकीच उडतायत. फुलांची खोकी एरवी त्याच विमानांच्या पोटातून जायची. जागा कमी म्हटल्यावर भाडं चढलं. “ताई, विमानाचं भाडं भरून मला काय उरतंय ते तूच काढून दे,” म्हणाला. काढलं. पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. त्याने बराचसा माल इथेच विकायचा ठरवला.

मग इथल्या गिऱ्हाइकाला कुणीतरी सांगायला नको का, की बाबा, हा गुलाब चाळीस-पन्नास किलोमीटरवरून आलाय, सकाळी तोडलाय, आणि यंदा तू घेतलास तर तो उकिरड्यावर जाणार नाही? एवढ्यावर लोकांनी घेतला असता. परवा कोथरूडमध्ये एका फुलवाल्याला विचारलं, गुलाब कुठला? “बेंगलोरचा, मॅडम, एक्स्पोर्ट क्वालिटी.” गड्डीच्या पुठ्ठ्यावर मावळातल्या गावाचं नाव होतं. बेंगलोर म्हटलं की दहा रुपये जास्त येतात बहुतेक.

भावाने शेवटी स्वतःच मेसेज केला आणि ओळखीच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. २० फुलांची गड्डी, लाल आणि पिवळा, भाव अमुक, शनिवारी सकाळी आठला गेटवर गाडी, दांडे तिरके कापून बादलीभर पाण्यात ठेवा. बस. आठवडाभरात वाचलेली सगळ्यात चांगली जाहिरात. फक्त त्याच्या लेकीने खाली धडधडणारं हार्ट आणि ‘लिमिटेड स्टॉक! त्वरा करा!!’ चिकटवलं होतं. मी फोन करून म्हटलं, माल तर ढिगाने पडलाय, ते तेवढं काढ.

“राहू दे गं ताई,” म्हणाला, “ते टाकल्यावरच ऑर्डरी यायला लागल्या.”