राजीनामा देऊन हे मोकळे झाले

आज, १५ नोव्हेंबर २०१८ ला सकाळी, डॉमिनिक राब यांनी राजीनामा दिला. ब्रिटनचे ब्रेक्झिट मंत्री, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं खातं यांच्याकडे! ज्या करारासाठी यांना नेमलं, तोच यांच्या मनाला पटत नाही. काल संध्याकाळी ५८५ पानांच्या मसुद्याला मंत्रिमंडळाने होकार दिला, तेव्हा हे तिथेच बसले होते. याद्या स्वतः करायच्या आणि साखरपुड्याच्या सकाळी मांडवातून उठून जायचं, असला प्रकार. मंत्री शैलेश वारा गेले, एस्थर मॅकव्हे गेल्या, दिवसभर हेच चाललंय.

जुलैत आधीचे ब्रेक्झिट मंत्री डेव्हिड डेव्हिस गेले म्हणून राब आले होते. चार महिने टिकले. युरोपच्या बाजूने मात्र पहिल्यापासून वाटाघाटींना एकटे मिशेल बार्निए बसलेत.

हॉस्पिटलात माझ्या वॉर्डात एक पोलिश सिस्टर आहे. दुपारी जेवताना फोनवर बातमी बघत होती. डबा तसाच उघडा. मला म्हणाली, "आता आमच्या कागदांचं काय गं?" मला काही सांगता येईना. तिने घरी एक फाईल केलीय: जुन्या पगाराच्या स्लिपा, काउन्सिल टॅक्सची पत्रं, मुलाच्या शाळेचे कागद. इथल्या आपण सगळ्या भारतीयांनी व्हिसासाठी अशा फायली केल्यात, त्यातली धाकधूक तुम्हाला वेगळी सांगायला नको. पण तिला कधी करावी लागली नव्हती. युरोपियन युनियनची नागरिक म्हणून हक्काने आली होती ती.

मान्य, खरी सूत्रं पंतप्रधान थेरेसा मे यांच्या ऑफिसातूनच हलत होती, राबना फारसं कुणी विचारत नव्हतं. उत्तर आयर्लंडच्या बॅकस्टॉपमधून, म्हणजे आयर्लंडच्या सीमेवर तपासणी नाके येऊ नयेत म्हणून करारात घातलेल्या तरतुदीतून, ब्रिटनला एकट्याने बाहेर पडता येणार नाही, हा त्यांचा आक्षेपही खोटा नाही. मग आधी का नाही उठलात? इंग्लंड-फ्रान्समधल्या डोव्हर-कॅले सागरी मार्गावर आपला व्यापार किती अवलंबून आहे हे पूर्ण उमगलं नव्हतं, अशी कबुली याच माणसाने गेल्या आठवड्यात दिली. संताप होतो हो! खुर्ची गेली तरी खासदारकी शाबूत. त्या सिस्टरने ड्यूटी अशी अर्ध्यात टाकली असती तर?

त्या ५८५ पानांत तिच्या हक्कांचीही पानं आहेत. करार बारगळला तर त्यांचं काय, हे सांगायला आज खात्याला मंत्री नाही. आणि बाहेर पडायची ठरलेली तारीख, २९ मार्च २०१९, काही थांबत नाही.

मला सगळ्यात लागतं ते वेगळंच. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात मी भारतीय पासपोर्टवर मत दिलं, कॉमनवेल्थचे म्हणून आपल्याला तो हक्क होता. तिला नव्हता. माझ्या आधीपासून इथे राहतेय, टॅक्स भरतेय, रात्रपाळ्या करतेय, आणि तिच्याच आयुष्याचा निकाल लागताना तिला कुणी विचारलं नाही. तिने हे मला कधी बोलून दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तरी चाललं असतं.

म्हणून आज रात्री मी आमच्या खासदारांना ईमेल करतेय. नवा मंत्री कोणीही येवो, करार होवो न होवो, इथे राहणाऱ्या युरोपियन लोकांचे हक्क आधी लेखी द्या, एवढंच मागतेय. आपल्याला मत होतं, तर बोलायलाही आपणच हवं. तुम्हीही लिहा, आपापल्या खासदाराला, आजच.