गिऱ्हाईक सोडून सर्व काही

एकट्या आईला स्वावलंबी करण्याचा संकल्प आपल्या मंडळाने यंदा केला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. विषय उत्तम आहे. त्यात छायाचित्र येते, अश्रू येतात आणि खर्च आटोक्यात राहतो. अशा कार्यक्रमांच्या समित्यांवर मी पुष्कळ वर्षे काढली असल्यामुळे अनुभवाचे चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी मानतो.

काय द्यावे याचा फार खल करू नये. शिलाई मशीन द्यावे. तिला शिवण येते का, हे विचारणे म्हणजे दानात खुसपट काढणे होय. तिला भाजीची हातगाडी हवी असेलही; परंतु हातगाडी सभागृहाच्या पायऱ्या चढत नाही, मशीनला मात्र झेंडूचा हार छान बसतो. एकाच वस्तीत नऊ मशीन वाटल्यावर नऊ जणींनी कोणाचे ब्लाउज शिवायचे, असे एखादा चिकित्सक सभासद विचारीलच. त्याच्याकडे आभारप्रदर्शन सोपवावे. मशीनवर मंडळाचे नाव मात्र पक्क्या रंगात घालून घ्यावे. कार्यक्रम शाळा सुटण्याच्या वेळी ठेवला, तर मूल कुठे ठेवायचे या विवंचनेने ती त्याला कडेवर घेऊनच येते आणि छायाचित्रात अधिक निराधार दिसते.

भाषणात लिज्जत पापडाचा दाखला हवाच. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात बायकांनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली, एवढे सांगितले की टाळ्या पडतात, तेथेच थांबावे. पहिल्या दिवशीची चार पाकिटे भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने विकत घेतली, हा तपशील गाळावा. पापड आणून दिले की लाटण्याची मजुरी हातात, या तेथल्या रिवाजाचा तर उच्चारही करू नये. श्रोत्यांना जिद्द ऐकायला आवडते. गिऱ्हाईक आणि रोख पैसे या गोष्टी निघाल्या की ते घड्याळाकडे पाहू लागतात.

त्यानंतर तीन दिवसांचे आर्थिक साक्षरतेचे शिबिर घ्यावे. महिनाअखेर दीडशे रुपयांत आठ दिवस काढणाऱ्या बाईला काटकसर शिकवण्यासाठी बाहेरगावचा वक्ता बोलावावा आणि त्याला वातानुकूलित गाडीने आणावे. एक धोका तेवढा लक्षात असू द्या. साताऱ्यातील म्हसवडच्या बायकांना सह्या येत नाहीत म्हणून बँकेचा परवाना नाकारला गेला, तेव्हा त्यांनी व्याजाचे हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो असे रिझर्व्ह बँकेच्या साहेबांना सुनावले, आणि १९९७ साली स्वतःची बँक उघडली. अशी एखादी शिबिरात निघाली तर वक्त्याची पंचाईत होते. तिला चहाच्या व्यवस्थेवर घ्यावे.

भांडवलाचे विचारले तर मुद्रा योजनेकडे बोट दाखवावे. तिच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. आपल्या ओळखीचे कोणी बँकेत असतील, तर त्यांना सुचवावे की तारण मागता येत नसले तरी जामीनदार मागून पाहावा, आणि नवरा सोडून गेलेल्या बाईकडे नवऱ्याचीच सही मागितली की अर्ज आपोआप मागे पडतो.

सरकारचा आदर्शही डोळ्यांपुढे ठेवावा. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला, परित्यक्तेला दरमहा १,५०० रुपये मिळतात. अट एवढीच की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे. दिवसाला सुमारे साडेसत्तावन्न रुपये झाले. म्हणजे चटणीची दोन पाकिटे रोज विकली जाऊ लागली की बाई कागदोपत्री निराधार उरत नाही. तेव्हा तिला धंदा वाढवण्याचा सल्ला देताना, तो तलाठ्याच्या कानावर जाणार नाही इतपतच वाढव, असेही सांगावे.

आता मुख्य गोष्ट. तिने माल केला, तर तो घ्यावा लागेल. दिवाळीत ती चकलीचा डबा घेऊन दारात उभी राहील. भाव ऐकल्यावर आधी भुवया उंचावाव्यात. भाजणी, तेल, गॅस आणि रात्री दोनपर्यंतचे जागरण यांचा हिशेब ती मांडू लागली, तर ‘अगं, तुला मदत म्हणूनच तर घेतोय,’ हे वाक्य वापरावे. याने भाव उतरतो, शिवाय उपकार चढतो. मग चवीला म्हणून मूठभर वेगळी घ्यावी. हलवायाकडे आपण काउंटरवर आधी पैसे भरून पावती घेतो आणि मगच रांगेत उभे राहतो, हा दुकानाचा शिष्टाचार झाला. घरच्या माणसाशी तसे कोरडे वागू नये. तिला ‘दिवाळीनंतर ये’ म्हणावे.

आमच्या मंडळाने हे तत्त्व संस्थात्मक पातळीवर राबवले आहे. गेल्या वार्षिक सभेसाठी तीन लाभार्थींकडून २०० कापडी पिशव्या शिवून घेतल्या, दर ३५ रुपये. कापड त्यांनी दुकानातून उधारीवर आणले आणि आठवड्यात पिशव्या दिल्या. धनादेशाला दोन सह्या लागतात. खजिनदारांची झाली, सचिव मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले होते. ते परतले तोवर कार्यकारिणी बदलली, आणि नव्या कार्यकारिणीने जुने खर्च तपासणीला घेतले. त्या तिघींतली एक दर पंधरा दिवसांनी मुलाची दुरेघी वही घेऊन येत असे. त्याच्याच अक्षरात लिहिलेले असे: पिशव्या २००, येणे ७०००, जमा ०. आम्ही तिला दर वेळी चहा दिला. चौथ्या खेपेला तिने वही आणली नाही. दुकानदार उधारीसाठी दारात येऊन बसतो म्हणून मशीन विकायला काढले आहे, कोणी घेणारे असल्यास सांगा, एवढेच म्हणाली.

मशीन मी स्वतः जाऊन पाहिले. चांगल्या स्थितीत आहे, किंमत नव्याच्या निम्मी आहे आणि आमच्या मंडळाचे नाव त्यावर आधीच रंगवलेले असल्यामुळे पेंटरचाही खर्च वाचतो. यंदाच्या लाभार्थीसाठी तेच घ्यावे, असा ठराव मी मांडला आहे. अनुमोदक हवा आहे.