कर्टुल्याच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

(नाव लिहिलेलं नाही म्हणून महोदय. ताई असाल तर राग मानू नये.)

कर्टुलं या पावसाळी रानभाजीवरच्या माझ्या लेखावर आलेली आपली प्रतिक्रिया इतर वाचकांसाठी जशीच्या तशी देतो: "लेख वरवरचा आहे. बियांपासून आलेल्या वेलांत निम्मे नर निघतात, हे सांगितलेलंच नाही. रानातून कंद खणून आणा हा सल्ला तर घातक. शहरात बसून गुगलवर रानभाज्या शोधणाऱ्यांनी आधी एकदा बालाघाटात चालून पाहावं."

पहिलं वाक्य आपलं मत आहे, असू द्या. नर वेलांचं म्हणणं मात्र रास्त. कर्टुल्याचे नर नि मादी वेल वेगळे असतात; फळ मादीला धरतं, पण त्यासाठी नराचे पराग लागतात. 'बी नको, कंद लावा' एवढंच मी लिहिलं होतं. बियांचं कवच टणक असतं, उगवण रडतखडत होते आणि फुलं येईपर्यंत वेल नर की मादी ते कळत नाही, हे कारण तिथं यायला हवं होतं. लेखात एक वाक्य वाढवतो. एवढ्यासाठी इतका आवाज चढवायची गरज होती का?

आता ते 'शहरात बसून'.

मी लातूरला राहतो तो पोटासाठी. जन्म बालाघाटाच्या डोंगरातल्या अंबाजोगाईजवळच्या वाडीतला. मुकुंदराजाच्या दरीकडचे उतार मी आजीच्या मागं अनवाणी फिरलोय, तेव्हा गुगलचा जन्मही झाला नव्हता. मिरगाचा पाऊस पडला की जमिनीतल्या कंदाला कोंब यायचा आणि वेल बोरी-घाणेरीच्या जाळीवर चढायचा. आजी प्रत्येक वेल नुसत्या नजरेनं ओळखायची. एखाद्यावर फुलं भरपूर पण फळ एक नाही, असा दिसला की म्हणायची, "ह्यो नुसता फुलतोय, पर ह्याला हात लावू नको." नर वेल का राखायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि ओळखीचं विचारत असाल तर ऐका. मादी फुलाच्या खाली बारीक काटेरी कर्टुलं आधीपासूनच असतं. नर फुलाच्या देठावर कळीला वेढून बसलेलं एक हिरवं छोटं पान असतं. फुलं उमलतात दिवस मावळताना आणि परागीकरण करतात रात्रीचे पतंग, म्हणून सकाळी उशिरा रानात जाऊन 'फुलं कोमेजलेलीच दिसतात' म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. शिवलिंगी या दुसऱ्याच रानवेलाला कर्टुलं समजणारेही भेटतात. तिचं फळ गुळगुळीत, अंगावर पांढऱ्या रेघा, आणि तणावा (वेल ज्यानं आधार धरतो तो तंतू) टोकाला दुभंगलेला. कर्टुल्याचा तणावा एकेरी. हे गच्चीत बसून कळत नाही, बरं का.

तसा गच्चीतही माझा वेल आहेच. जुन्या ड्रममध्ये. पहिला कंद एका नर्सरीतून घेतला होता, 'मादीच आहे साहेब' अशी हमी देऊन त्यांनी दिला आणि पावसाळाभर नुसती नर फुलं पाहत बसलो. मग गावाकडून मादी कंद आणले. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो. तिसऱ्या मजल्यावर पतंगांचा भरवसा नाही म्हणून संध्याकाळी नर फूल खुडून मी स्वतः मादी फुलावर टेकवतो. शेजारी हसतात. हसू देत. श्रावणात त्याच वेलाची भाजी त्यांच्याही ताटात जाते, तेव्हा कुणी हसत नाही.

तुम्ही स्वतः कधी एक वेल तरी जगवला आहे का? प्रतिक्रियेत तसा उल्लेख नाही, म्हणून विचारलं.

कंद खणण्याबद्दल आपण फारच मनाला लावून घेतलंय. एका घरानं एक-दोन कंद आणले म्हणून डोंगर ओस पडत नाही. वणवे लागतात, डोंगर पोखरून मुरूम नेला जातो, तिथं कुणी प्रतिक्रिया लिहायला जात नाही. हा विषय माझ्याकडून संपला.

पुढचा लेख उडदात नि कापसात आपसूक उगवणाऱ्या शेंदाड या रानफळावर आहे. त्यातही चुका काढा, स्वागत आहे, पण खाली नाव-गाव लिहा. बिननावाची प्रतिक्रिया यापुढं छापणार नाही.