मुंबई ते न्यूयॉर्क साडेसहा तासांत? तिकीट नीट वाचा

माझी मावशी पुढच्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणाला न्यूजर्सीला निघाली आहे. परवा गोळ्यांची डबी पुढे करून म्हणाली, "विमानात एका वेळच्या पुरे ना रे? साडेसहा तासांचा तर प्रवास." मावशीला मधुमेह आहे. हे खूळ आलं कुठून? महिला मंडळाच्या ग्रुपवरच्या मेसेजमधून. त्यात तीन दावे आहेत: एक, तिकिटावरच्या वेळा बघा, प्रवास साडेसहा तासांचाच आहे, सोळा तास ही थाप; दोन, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून अमेरिका आपणहून विमानाकडे येते; आणि तीन, सरळ वाट सोडून विमान उत्तरेला वळसा घालतं ते भाडं वाढवायला.

पहिला दावा सगळ्यात घातक. समजा, विमान मुंबईहून रात्री १:३० ला सुटलं आणि न्यूयॉर्कला सकाळी ८ ला उतरलं. तिकिटावर दोन्ही वेळा छापतात त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे तिथे सकाळचे ८ वाजतात तेव्हा डोंबिवलीत संध्याकाळचे ५:३० झालेले असतात. झाले की सोळा तास! हाच हिशेब परतीला लावा: तिथून सकाळी ११:३० ला निघून इथे दुसऱ्या दिवशी ११:३० ला पोचलात, तर प्रवास चोवीस तासांचा म्हणायचा? प्रत्यक्षात तो साडेचौदा तासांचा. पोटाला आणि साखरेला तिकिटावरचं घड्याळ कळत नाही. सोळा तासांत दोन जेवणं येतात, गोळ्यांच्या वेळा येतात.

दुसऱ्या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेतलं विमानही. उलट त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. जाताना ते बऱ्याच वाटेवर समोरून लागतात, येताना पाठीशी असतात. म्हणून जाताना वेळ जास्त लागतो, मेसेजच्या बरोब्बर उलट.

तिसऱ्यासाठी भाचीचा पृथ्वीगोल घेतला. मुंबईवर दोऱ्याचं टोक धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणला. दोरा अफगाणिस्तानावरून मॉस्कोजवळ गेला, मग हेलसिंकी, मग ग्रीनलंडचं दक्षिण टोक. मावशी बघतच राहिली. ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन्ही विमानतळ घातले तर हेच अंतर साधारण १२,५०० किलोमीटर येतं. सपाट नकाशावरच्या 'सरळ' रेघेने गेलात तर जवळपास १४,२०० पडतात. वळसा वाटतो तीच जवळची वाट आहे.

एक मात्र कबूल करावं लागेल: विमान दरवेळी दोऱ्याच्या वाटेनेच जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून आपल्या कंपन्यांना खरोखर लांबून जावं लागलं. आणि २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,००० किलोमीटरच्या वर गेलं, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ कमी लागला. भाडं उकळायला कोणी वळसे घालत नाही, इंधनाचा खर्च कंपनीलाच पडतो.

मावशीच्या गोळ्यांच्या वेळा आता डॉक्टरांकडून लिहून आणल्या आहेत. डबी हातातल्या पिशवीत राहील, सामानाच्या बॅगेत नाही. त्याच ग्रुपमधल्या आणखी दोघी दिवाळीआधी मुलांकडे निघाल्या आहेत. मेसेज जिथे आला, तिथेच हेही टाका.